चैत्रातला सातपुडा पायी पाहताना

दरवर्षी शिमगा जवळ आला की महाविद्यालयाच्या सूचना फलकावर सहलीची नोटीस लागते. वर्गणी ठरते, एस. टी.ची बस ठरते आणि मग स्थळांची चर्चा रंगते. कोणी महाबळेश्वर सुचवतो, कोणी अजिंठा-वेरूळ, कोणी फार तर चिखलदरा. ही चर्चा चालते वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात. त्याच व्हरांड्यातून उत्तरेकडे मान वळवली तर क्षितिजावर सातपुड्याची निळसर करडी रेघ दिसत असते. तिचे नाव मात्र कोणी घेत नाही. एकदा मी ते सुचवून पाहिले, तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, तो तर रोजच दिसते. त्याले पाहाले कायले जायचं?"

प्रश्न चुकीचा नव्हता, आणि त्याचे उत्तर मला त्या वेळी नीटसे देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे ते उशिरा दिलेले उत्तर आहे. संग्रामपूर तालुक्यातून सातपुड्याच्या पायथ्याकडे वसंत ऋतूत जावे ते कशासाठी, कसे, आणि तेथे काय पाहावे, एवढाच त्याचा विषय.

प्रथम वसंताविषयी. आपण वाङ्मयाचे विद्यार्थी. वसंत म्हटला की आम्रमंजिरी, कोकिळ आणि मलयवायू आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'ची सुरुवात ग्रीष्माने होते आणि शेवट वसंताने. त्यामुळे काव्यात तरी या दोन ऋतूंच्या मध्ये चार ऋतूंचे अंतर राहते. आपल्या वऱ्हाडात ते अंतर चार दिवसांचेही नसते. फाल्गुन सरता सरता पारा चढू लागतो, एप्रिलमध्ये तो चाळीस अंशांच्या वर जातो, आणि चैत्र म्हणजे पंचांगातला वसंत व अंगावरचा ग्रीष्म अशी स्थिती होते. हिमालयात किंवा युरोपातील आल्प्स पर्वतात वसंत येतो तेव्हा बर्फ वितळते, ओढे फुगतात आणि डोंगर हिरवा होतो. तिकडे गिरिभ्रमणाचा हंगाम वसंतात सुरू होतो तो त्यामुळे. सह्याद्रीत भटकणारी मंडळी बहुधा पावसाळा आणि हिवाळा निवडतात. सातपुड्याचा वसंत या दोन्हींहून निराळा. येथे नद्या आटतात, साग निष्पर्ण होतो, गवत वाळून पिवळे पडते. मग या दिवसांत डोंगरात जायचे कशाला?

माझे उत्तर असे, की याच दिवसांत डोंगर उघडा असतो. पावसाळ्यात तो पानांनी झाकलेला असतो आणि सगळीकडे पाणी असल्याने पाणी कोठून येते व कोठे जाते हे कळत नाही. चैत्रात पाणी थोड्याच जागी उरते. ते जेथे उरते तेथे झाडे, जनावरे, पाखरे आणि माणसे गोळा होतात. पाण्याचा माग काढीत गेले की सातपुडा समजू लागतो. आपल्या तालुक्याला तर हा माग काढण्याचे विशेष कारण आहे.

ते कारण असे. शेगावकडून येताना आपण पूर्णा नदी ओलांडतो आणि वरवट बकालच्या बाजूने तालुक्यात शिरतो. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा पसरला आहे. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांतून गेलेला हा पट्टा सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा आहे. येथील विहिरींचे पाणी खारट. ते पिकाला चालत नाही आणि माणसालाही मानवत नाही. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांतील मूत्रपिंडाच्या विकारांचा संबंध या पाण्याशी जोडला जातो. ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांना हे मी सांगायला नको. पुढे वान प्रकल्पातून या दोन तालुक्यांतील १४० गावांसाठी गोड्या पाण्याची योजना झाली. वान ही सातपुड्यात उगम पावणारी नदी. म्हणजे आपल्या माठातले पाणी त्या निळसर रेघेतून येते. ज्या डोंगराकडे "पाहाले कायले जायचं" असे आपण म्हणतो, तो दररोज सकाळी नळाला येऊन जातो.

आता पायथ्याकडे चालू या. पूर्णेपासून उत्तरेकडे निघाले की काळी, सपाट, खोल जमीन लागते. हा नदीने आणून टाकलेला गाळ आहे आणि त्याची जाडी काही ठिकाणी शेकडो मीटर भरते. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्या मध्ये जमीन खचून जो लांबट खोलगट भाग तयार झाला, तो या गाळाने भरून निघाला. टुनकी-सोनाळ्याच्या बाजूला पोचेपर्यंत मातीचा रंग आणि पोत बदलतो. संत्र्यांच्या बागा दिसू लागतात. आंबिया बहर फुटलेला असला तर माघ-फाल्गुनात वाटेवर त्याचा वास येतो. आणखी पुढे गेले की जमिनीत गोटे लागतात, आधी लिंबाएवढे, मग नारळाएवढे, मग माणूस बसेल एवढे. डोंगरातून वेगाने उतरणारे ओढे सपाटीवर आले की त्यांचा जोर संपतो आणि ते आपले ओझे येथेच टाकतात. भूजलाच्या अभ्यासकांनी या गोट्यांच्या पट्ट्याला 'बझाडा' असे नाव दिले आहे. याची गंमत अशी, की ओढ्याचे पाणी येथे दिसता दिसता नाहीसे होते. डोंगरात वाहता दिसणारा नाला पायथ्याशी कोरडा ठणठणीत असतो. पाणी गोट्यांच्या फटींतून खाली उतरते आणि जमिनीच्या पोटातून हळूहळू दक्षिणेकडे सरकते. जसजसे ते पूर्णेच्या जवळ जाते तसतसा निचरा मंदावतो, गाळातले क्षार त्यात उतरतात, आणि तेच गोड पाणी खारट होते. वर्गात नकाशावर हे शिकवताना मला एक पूर्ण तास लागतो. पायी चालणाऱ्याला एका सकाळीत कळते.

मला स्वतःला ते कळले ते मात्र नामुष्कीच्या प्रसंगाने. सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि अंगात उत्साह होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वीस-बावीस विद्यार्थी घेऊन मी वसालीच्या अंगाने डोंगराकडे निघालो. बस उशिरा मिळाली, फराळात वेळ गेला, आणि प्रत्यक्ष चालायला लागलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. बरोबर पाण्याचे दोन कॅन होते. नाला आहे म्हणजे पाणी मिळेलच, असा माझा नकाशावरचा हिशेब. नाला कोरडा निघाला. एक वाजता दोन्ही कॅन संपले. गोट्यांवरून येणारी धग खालून आणि ऊन वरून. दीडच्या सुमारास एका विद्यार्थिनीला भोवळ आली. तिला आम्ही एका उंबराच्या सावलीत निजवले, डोक्यावर दुपट्टा ओला करून ठेवावा म्हटले तर दुपट्टा भिजवायलाही पाणी नव्हते. थोड्या अंतरावर खडकाच्या खळग्यात हिरवट पाणी साचले होते. मी तिकडे धावलो.

आमच्यात त्याच भागातला एक मुलगा होता. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, हजेरीला "हजर" एवढाच शब्द उच्चारणारा. वर्षभरात मी त्याला एकही प्रश्न विचारला नव्हता. तो माझ्या आड आला आणि म्हणाला, "सर, ते पानी नोका घेऊ. मासोळीसाठी कोनं त्यात पाला कुटून टाकला असन. इथं खनू द्या."

नाला जेथे वळण घेत होता त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला, उंबराच्या मुळांजवळ, त्याने हाताने वाळू उपसायला सुरुवात केली. बाकीचेही मदतीला आले. हातभर खणल्यावर वाळू ओली लागली, आणखी वीतभर गेल्यावर खड्ड्याच्या तळाशी पाणी पाझरू लागले. पहिले गढूळ पाणी त्याने तीन वेळा उपसून फेकले. चौथ्या वेळी आलेले पाणी नितळ होते. खड्ड्याच्या एका बाजूला त्याने पळसाची पाने लावून वाळू ढासळणार नाही अशी व्यवस्था केली. अर्ध्या तासात ती मुलगी उठून बसली.

याला 'झिरा' म्हणतात हे मला माहीत होते; शब्द माहीत होता, वस्तू माहीत नव्हती. जागा हीच कशी निवडली, असे मी त्याला परतताना विचारले. त्याने सांगितले ते असे : पावसाळ्यात पूर वळणाच्या बाहेरच्या बाजूवर आदळतो आणि तेथे खोल खड्डा पाडतो, पूर ओसरताना तो खड्डा वाळूने भरतो, वरून सपाट दिसले तरी खाली वाळूत पाणी राहते. आणि सगळे रान वाळलेले असताना उंबर, जांभूळ, करंज ही झाडे जेथे हिरवीगार दिसतात, तेथे त्यांची मुळे पाण्याला लागलेली असतात. एवढे चांगले उत्तर मला भूगोलाच्या पेपरात कधी वाचायला मिळाले नाही.

मग मी त्याला त्याच्या घरी पाण्याला काय म्हणतात ते विचारले. तो थोडा लाजला. म्हणाला, "जोप्पो."

येथे थोडे थांबायला हवे, कारण हा एक शब्द आपल्या तालुक्याच्या सीमेबाहेर फार दूर जातो. तो मुलगा निहाल समाजाचा होता. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या पायथ्याच्या मोजक्या गावांत, जामोद, सोनबर्डी, कुंवरदेव, चालठाणा, वसाली, चिचारी अशा ठिकाणी, निहाली भाषा बोलली जाते. बोलणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास धरतात. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०६ साली निघालेल्या चौथ्या खंडात तिची नोंद कोरकूच्या शेजारी झाली. १९६२ साली कायपर या डच पंडिताने तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या भाषेत कोरकू आणि मराठी शब्दांची मोठी भरती आहे. परंतु तिचा जो मूळचा गाभा आहे त्याचे नाते कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी निर्विवादपणे जोडता आलेले नाही. मराठी 'पाणी' आर्य कुळातले, कोरकू 'डा' मुंडा कुळातले, 'नीर' द्राविडी मानतात. 'जोप्पो' मात्र यांपैकी कोणाचाच नातलग नाही. युरोपात बास्क भाषेचे असेच आहे आणि तिच्यासाठी तेथील विद्यापीठांतून अध्यासने आहेत. आपल्याकडे अशी भाषा एस. टी.च्या टप्प्यात आहे, आणि तिचा बोलणारा माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसला होता. भाषाविज्ञानाचा पेपर मी त्याच वर्गातल्या मुलांबरोबर इंग्रजी उदाहरणांवर चर्चिला होता, हेही कबूल केले पाहिजे.

डोंगरात आणखी आत, मेळघाटाच्या बाजूला, कोरकूंची वस्ती दाट होत जाते. मुंडा कुळातील भाषा बोलणारे बहुतेक समाज झारखंड-ओडिशाकडे आहेत. त्यांच्यापासून शेकडो मैल पश्चिमेला कोरकू कसे राहिले हा इतिहासाचा मोठा प्रश्न आहे. त्यांचा वर्षातला मोठा सण होळी. होळीनंतरचे काही दिवस मेळघाटातल्या रस्त्यांवरून जाणाऱ्याला ढोल-बासरीच्या तालावर नाचणारे स्त्री-पुरुष अडवतात आणि 'फगवा' मागतात. मोटारीतून जाणारे काही लोक यावर कपाळाला आठ्या घालतात, काही जण नाचणाऱ्यांची छायाचित्रे घेऊन काच वर करतात. सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या दारावरून जाताना चार पैसे द्यावेत आणि दोन शब्द बोलावेत, एवढी रीत आपल्याकडेही आहेच.

आता रानाकडे वळू. सातपुड्यातले हे जंगल शुष्क पानझडीचे. त्यात साग मुख्य. फाल्गुन-चैत्रात सागाच्या खाली पडलेली मोठी पाने पायाखाली पापडासारखी मोडतात. गुपचूप चालणे अशक्यच होते. अशा या उघड्या रानात रंग उठून दिसतो. पळस पेटलेला असतो, काटेसावर आणि पांगारा आपापल्या लाल फुलांनी ओळखू येतात. 'पळसाला पाने तीनच' असे आपण म्हणतो खरे, पण या दिवसांत त्याला तीही नसतात. असतात ती फुले आणि फुलांवर शिंजीर, साळुंक्या, बुलबुल यांची झुंबड. कुसुमाच्या झाडाला कोवळी पालवी फुटते ती हिरवी नव्हे, तांबडीलाल. लांबून पाहणाऱ्याला ती फुलेच वाटतात. उतारावर कांडोळाचे पांढरे गुळगुळीत खोड चांदण्यात भुतासारखे दिसते. सालई दगडधोंड्यांच्या अशा जागी उभी असते, की तेथे दुसरे झाड उभे राहायला धजत नाही.

पाने नसल्याचा पक्षीनिरीक्षकाला मोठा फायदा. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी याच प्रकारच्या सागाच्या रानात राहतो आणि इतर घुबडांप्रमाणे रात्रीची वाट न पाहता दिवसाही वावरतो. १८८४ नंतर तो कोणाला निश्चितपणे सापडला नव्हता. नष्ट झाला असेच धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्याच पायथ्याशी अमेरिकन अभ्यासकांना तो दिसला आणि पुढे मेळघाटातही आढळला. एकशे तेरा वर्षे एक पक्षी आपल्याच डोंगरात बसून होता आणि आपण त्याला नाहीसा ठरवले होते!

मोहाबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण वसंतातल्या डोंगराचे अर्थशास्त्र या एका झाडाभोवती फिरते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाचे झाड जवळजवळ निष्पर्ण असते आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फुले रात्री उमलतात व पहाटे टपटप खाली पडतात. ती मांसल असतात, त्यांत साखर भरपूर. ती वेचण्यासाठी घरची सगळी माणसे, आजीपासून नातवापर्यंत, उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन झाडाखाली हजर होतात. वाळवलेली फुले वर्षभर खायला, विकायला आणि दारूसाठी उपयोगी पडतात. या दिवसांत पायथ्याच्या गावांतली मुले शाळा-महाविद्यालयात कमी दिसतात याचेही एक कारण हेच. हजेरीचा टक्का काढताना आपण ते विचारात घेत नाही.

परंतु मोहाची फुले अस्वलालाही तितकीच प्रिय. पहाटेच्या अंधुक उजेडात माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली समोरासमोर येतात आणि मग जीवघेणे प्रसंग घडतात. पहाटे मोहाच्या झाडांमधून जाताना सहलीच्या मंडळींनी एकत्र आणि बोलत जावे. एरवी रानात शांत राहा असे मी सांगतो, त्याला हा अपवाद.

दुसरी गोष्ट आगीची. वेचायला सोपे जावे म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटवण्याची पद्धत आहे. विस्तव झाडापुरता राहिला तर ठीक; वारा सुटला की वणवा होतो. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरला जातो. त्याआधी वनखाते जाळरेषा काढते, म्हणजे ठरावीक रुंदीचे पट्टे गवत जाळून मोकळे करते, जेणेकरून एका बाजूची आग दुसरीकडे जाऊ नये. वणव्याचा सगळा दोष मोह वेचणाऱ्यांच्या माथी मारण्याची शहरी माणसाला सवय आहे. मी दुसरी बाजूही पाहिली आहे. सहलीचे लोक तीन दगडांची चूल मांडतात, वांग्याचे भरीत आणि रोडगे करतात, आणि निघताना विस्तवावर माती ढकलून समाधानाने जातात. वरून विझलेला रोडग्याचा विस्तव आत किती वेळ धगधगतो हे वऱ्हाडातल्या माणसाला तरी सांगावे लागू नये. मी अलीकडे वसंतातल्या सहलीत चूल पेटवू देत नाही. भाकरी, ठेचा, कांदा आणि गुळाचा खडा बांधून न्यावा. मुले कुरकुरतात, कुरकुरू द्यावे.

जायचे कोठे, याविषयी आता स्पष्ट लिहितो, कारण तीस वर्षांपूर्वीची मोकळीक आज नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ सालचा, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. आपल्या तालुक्यातले अंबाबरवा अभयारण्य १९९७ साली जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १२७ चौरस किलोमीटर असून आज ते, वान आणि नरनाळा अभयारण्यांसह, याच व्याघ्र प्रकल्पाच्या व्यवस्थेत आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय पाऊल टाकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. आत जायचे ते वनखात्याच्या प्रवेशद्वारातून, शुल्क भरून, त्यांनी ठरवलेल्या वाटेने आणि वाटाड्या घेऊन. आतली काही गावे पुनर्वसनात बाहेर आली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तेथे झिरे खणले ते बाहेर आले आणि आपण तिकीट काढून आत जातो, ही गोष्ट आत जाताना मनात असू द्यावी. वाघासाठी मोकळे रान हवे हेही खरे आहे, आणि माणसांना घर सोडावे लागले हेही खरे आहे. या दोन खऱ्यांचा मेळ मला आजवर बसवता आलेला नाही.

वाघाचा विषय निघाला म्हणून सांगतो. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ सुमारे १,३०० किलोमीटर चालून आपल्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या गळ्यात रेडिओ पट्टा असल्यामुळे प्रवासाची नोंद राहिली. शेतांतून, रस्ते ओलांडून, बहुधा रात्री चालत तो आला. पदभ्रमणात आपल्या जिल्ह्यातील विक्रम अद्याप त्याच्याच नावावर असावा.

अभयारण्याच्या बाहेर राहूनही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. वान नदी डोंगरातून बाहेर पडते तेथे वारी भैरवगडचे हनुमान मंदिर आहे. ते अकोला जिल्ह्यात येते, पण सोनाळ्याहून जवळ. डोंगर कापून आलेल्या नदीचा तेथला मामा-भाचा डोह खोल आणि फसवा आहे. त्यात उतरण्याचा मोह कोणीही धरू नये, पोहता येणाऱ्याने तर मुळीच नाही. जवळच वान धरण. धरणाकडे पाहताना आपल्या नळाची आठवण ठेवली की भिंतीला निराळा अर्थ येतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हिवरखेडवरून अकोटच्या रस्त्याने जावे. वाटेत अडगाव लागते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच गावाजवळ आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहाने वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. रस्त्यावरून जाताना तेथे कपाशीची शेते आणि चहाच्या टपऱ्या दिसतात.

अकोटच्या उत्तरेला शहानूर गावावरून नरनाळ्याला जाता येते. नरनाळा एकटा किल्ला नाही. मध्ये नरनाळा, पूर्वेला जाफराबाद आणि पश्चिमेला तेलियागड असे तीन मिळून तो झाला आहे. त्याचा महाकाली दरवाजा बहमनी काळातला, १४८६-८७ चा, आणि त्याच्या दगडावरचे कोरीव अक्षरकाम पाहण्यासारखे आहे. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यात नरनाळा हे एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. बहुतेक सहली दरवाजा पाहतात, नऊगजी तोफेवर बसून छायाचित्र काढतात आणि उतरतात. मी तलाव पाहायला सांगतो. एवढ्या उंचीवर फौज, घोडे, हत्ती वर्षभर ठेवायचे तर पाणी हवे. म्हणून बांधणाऱ्यांनी उतारावरचा एकेक थेंब अडवून तलावांत आणि टाक्यांत घेतला. चैत्रात त्यांतले काही कोरडे असतात, काहींत पाणी टिकून असते. कोणते का टिकले, हे उतार, खडक आणि बांध पाहून विद्यार्थ्यांनी आपसात ठरवावे. त्या मुलाने उंबराखाली जी विद्या वापरली तीच येथे दगडात बांधलेली दिसते.

एक हळहळ व्यक्त करून पुढे जातो. अकोला-खंडवा ही मीटरगेज रेल्वे याच डोंगरांतून, वानच्या खोऱ्यातून जात असे, आणि धूळघाटाजवळ चढण चढण्यासाठी रूळ स्वतःवरूनच वळसा घालून ओलांडत असत. रुंदीकरणासाठी ती गाडी थांबली. व्याघ्र प्रकल्प टाळून नवा मार्ग सोनाळा-जामोदकडून न्यावा असा प्रस्ताव पुढे आला आहे. गाडी आपल्या दारावरून जाईल तर आनंदच आहे. पण खिडकीतून पळसाचे रान पाहत धूळघाट चढण्याचे सुख ज्यांनी घेतले, त्यांना ते विसरता येणार नाही.

शेवटी तयारीविषयी, अनुभवाने शहाणा झालेल्या माणसाच्या नात्याने. निघायचे ते गुढीपाडव्याच्या आधी किंवा फार तर त्या आठवड्यात. एप्रिल चढला की नको. पहाटे साडेपाचला चालू लागावे आणि साडेदहाला सावलीत बसावे, मग ऊन उतरेपर्यंत हलू नये. माणशी चार लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, डोक्याला दुपट्टा, पायात पट्ट्याची चप्पल नव्हे तर बूट. अंगाला सुगंधी तेल, अत्तर लावू नये : या दिवसांत कड्यांवर आणि उंच झाडांवर आग्या मोहोळ असते. दगड उचलताना आधी काठीने उलटावा. पायथ्याच्या गावातला एक माणूस बरोबर घ्यावा, त्याची मजुरी आधी ठरवावी आणि तो पुढे असावा, आपण मागे.

आणि झिरा खणलाच तर तसाच उघडा टाकून येऊ नये. आम्ही त्या दिवशी निघालो तेव्हा तो मुलगा मागे राहिला होता. मी हाक मारली. तो खड्ड्याच्या एका बाजूची वाळू पायाने सारून उतार करीत होता. "पाखरं अन् लहान जनावरं उतरून पेतीन, सर," तो म्हणाला, "नाई तं आत पडून मरतेत." उतार नीट झाल्याची खात्री करून तो आमच्या मागे आला.